हवेच्या होडीची गळती : शोध आणि दुरुस्ती
(विज्ञान पाठ : इयत्ता ८ वी ते १० वी. पालक व विश्वस्तांनीही अवश्य वाचावा.)



२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या भागाने महापूर पाहिला. कोल्हापुरात पंचगंगा, निपाणीजवळ वेदगंगा आणि गोकाकला घटप्रभा यांनी काठ सोडले. यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आले आणि बेळगाव-कोल्हापूर वाहतूक खोळंबली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एकच प्रकारचे छायाचित्र पुन्हा पुन्हा छापून येत होते. फुगवलेली रबरी होडी, तिच्यात आजीबाई, लहान मुले, कपड्यांचे एखादे गाठोडे, आणि होडी हाताळणारे जवान. अशा होडीत माणसांना पाण्यावर तोलून धरते ती फक्त कोंडलेली हवा. ही हवा कोठूनही निसटू लागली तर काय होईल, ती कोठून निसटते हे कसे शोधावे आणि ते छिद्र पक्के कसे बुजवावे, हा आपल्या या अंकातील पाठाचा विषय आहे.

पुरातली मोठी होडी आपल्या हाती येणार नाही. तिचेच छोटे भावंड म्हणजे हवा भरून वापरायची कयाक. एक किंवा दोन माणसांनी बसून दोन्ही बाजूंना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवायची असते. दांडेलीजवळ गणेशगुडी येथे काळी नदीवर पर्यटकांसाठी अशा होड्या असतात. आपल्या खानापूर तालुक्यातून निघून गोव्यात जाणाऱ्या म्हादईवर पावसाळ्यात हवेच्या तराफ्यांतून जलविहार चालतो. अलीकडे सुटीसाठी घरीच अशी होडी विकत आणणारी कुटुंबेही दिसतात. शिवाय तिचे शास्त्र आणि आपल्या सायकलच्या ट्यूबचे शास्त्र एकच आहे. म्हणून हा पाठ ज्याच्याकडे सायकल आहे त्या प्रत्येकासाठी आहे.

थोडासा इतिहास

हवेवर तरंगण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असिरियन राजवाड्याच्या दगडी शिल्पांत फुगवलेल्या कातड्यांवर पोटाशी धरून नदी पार करणारी माणसे कोरलेली आहेत. ही शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. आपल्याकडे हिमाचलात सतलज आणि बियास या नद्या फुगवलेल्या कातड्यांवरून ओलांडीत असत. महाराष्ट्रात वाळलेले भोपळे बांधून त्यांची सांगड करीत. पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधल्याचे आपले आजोबा सांगतील. भोपळ्याच्या आतही हवाच असते.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. तिच्यात हवा भरलेली नसे. हवेची होडी शक्य झाली ती रबरामुळे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच दशकात ब्रिटिश आरमारातील पीटर हाल्केट या अधिकाऱ्याने रबरी कापडाची अशी होडी केली की जी एरवी अंगावर झग्यासारखी पांघरता येई! पुढे १८८८ मध्ये जॉन डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ते व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर होते. तेव्हापासून हवा कोंडणे आणि पंक्चर काढणे या दोन्ही विद्या हातात हात घालून चालत आल्या आहेत.

होडी तरंगते कशी?

आर्किमिडीजचे तत्त्व आपण शिकलो आहोत. वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर ढकलतो. कयाकच्या एका बाजूची नळी २५ सेंटीमीटर व्यासाची आणि ३ मीटर लांबीची आहे असे धरू. नळीच्या घनफळाचे सूत्र वापरले तर उत्तर सुमारे १४७ लिटर येते. म्हणजे ती नळी पूर्ण बुडवली तर १४७ किलोचा भार पेलू शकते. दोन्ही बाजूंच्या मिळून २९४ किलो झाले.

येथे रचनेतील एक शहाणपण लक्षात घ्या. चांगल्या होडीत हवेचा एकच मोठा फुगा नसतो. डावी बाजू, उजवी बाजू आणि तळ असे निदान तीन स्वतंत्र कप्पे असतात. एका कप्प्यात पास्कलच्या नियमानुसार दाब सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे छिद्र कोठेही पडले तरी तो संपूर्ण कप्पा रिकामा होतो. पण शेजारचा कप्पा शाबूत राहतो आणि माणसाला काठापर्यंत नेतो. विहिरीत पोहायला वापरतात त्या ट्रकच्या ट्यूबला मात्र एकच कप्पा असतो. ती फुटली की सारेच संपले. ज्याला पोहता येत नाही त्याने केवळ ट्यूबच्या भरवशावर विहिरीत किंवा खाणीच्या पाण्यात कधीही उतरू नये.

गळती आहे की नुसता भास?

संध्याकाळी टम्म फुगवलेली होडी सकाळी मऊ लागली की आपण लगेच म्हणतो, "पंक्चर झाली." थांबा. छिद्र नसतानाही हवेचा दाब तीन कारणांनी कमी दिसू शकतो.

पहिले कारण तापमान. आकारमान तेच राहिले तर हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर असल्याने येथे वातावरणाचाच दाब दर चौरस इंचाला सुमारे १३.४ पौंड असतो. होडीत आपण २ पौंड हवा भरली, म्हणजे आतील एकूण दाब १५.४ पौंड झाला. भरताना हवा ३७ अंश सेल्सियस होती आणि नंतर होडी २५ अंशाच्या पाण्यात उतरवली. आता गणित करा : १५.४ गुणिले २९८ भागिले ३१०. उत्तर येते १४.८. त्यातून बाहेरचे १३.४ वजा केले की उरतात १.४ पौंड. हवेचा एक थेंबही बाहेर गेला नाही, तरी होडी २ वरून १.४ वर आली.

याच्या उलटही घडते आणि ते अधिक धोक्याचे आहे. २७ अंशाला २ पौंड भरलेली गडद रंगाची होडी काठावर उन्हात ठेवली आणि आतील हवा ५७ अंशांवर गेली, तर दाब सुमारे ३.५ पौंड होतो. शिवणी उकलतात त्या बहुधा अशाच वेळी. म्हणून उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा आधीच सोडून द्यावी.

दुसरे कारण उंची. हे आपल्या बेळगावकरांसाठी खास आहे. येथे घट्ट भरलेली होडी गाडीच्या टपावर बांधून चोर्ला घाटाने खाली गोव्याच्या किनाऱ्यावर नेली, तर तेथे बाहेरचा दाब १४.७ पौंड असतो. आतला एकूण दाब तोच १५.४. तापमान आणि आकार सारखेच राहिले असे धरले तर फरक उरतो फक्त ०.७ पौंड. होडी लुळी पडते आणि घरातील सारे छिद्र शोधू लागतात! गोव्याहून घाट चढून येताना वेफर्सचे पाकीट फुगते हे तुम्ही पाहिले असेल. तोच नियम येथे उलट बाजूने लागू होतो.

तिसरे कारण नवे कापड. पहिल्या एकदोन वेळा ते थोडे ताणते आणि दाब उतरतो.

म्हणून खरी परीक्षा अशी करावी. होडी सावलीत, घरातल्या मोठ्या खोलीत भरावी. अर्ध्या तासाने हवा पुन्हा सारखी करावी. वेळ आणि खोलीचे तापमान वहीत लिहावे. बारा तासांनी साधारण तेच तापमान असताना पुन्हा पाहावे. प्रत्येक कप्पा वेगळा दाबून पाहावा. एकच कप्पा मऊ झाला असेल तर गळती खरी. सगळे कप्पे सारखेच मऊ झाले असतील तर आधी तापमानाचा संशय घ्यावा.

शोध : सोप्याकडून अवघडाकडे

छिद्र किती बारीक असते याचा अंदाज घेऊ. १४७ लिटरचा कप्पा २ वरून १ पौंडावर येण्यासाठी बाहेरच्या दाबाने मोजलेली सुमारे ११ लिटर हवा जावी लागते. त्याला ३ तास लागले तर दर सेकंदाला सुमारे १ मिलिलिटर हवा जाते. १२ तास लागले तर त्याच्या चौथाई. एवढी हवा डोळ्यांना दिसत नाही, कानांना क्वचितच ऐकू येते, पण बुडबुड्याला ती लपवता येत नाही. म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

१. तोंड आधी. जुन्या सायकल मिस्त्रींची पद्धत आठवा. ते ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हवर बोटाने थुंकी लावून पाहतात. होडीतही प्रथम हवा भरण्याचे तोंड तपासावे. तेथे पाणी लावा. बुडबुडा आला तर टोपण उघडून पाहा. वाळूचा एखादा कण झडपेत बसलेला असतो. स्वच्छ पाण्याने धुऊन, झडप दोनतीनदा दाबून सोडली की अनेकदा काम तेथेच संपते. व्हॉल्व्हचा आटा सैल असेल तर तो हाताने किंवा त्याच्या पान्याने बेताने आवळावा.

२. कान आणि गाल. घरातील पंखे बंद करा. होडी घट्ट भरा आणि कान जवळ नेऊन संपूर्ण कप्प्यावरून हळूहळू फिरा. ओला हात किंवा ओला गाल बारीक झोत लगेच ओळखतो, कारण वाहत्या हवेने पाणी उडते आणि त्वचेला गार लागते.

३. साबणाचे पाणी. एक पेला पाण्यात एक चमचा भांडी घासण्याचा पातळ साबण हलक्या हाताने मिसळा. फेस होऊ देऊ नका, नाहीतर फेसात बुडबुडा दिसणार नाही. सराफाकडे दागिने धुण्यासाठी रिठ्याचे पाणी असते, तेही चालते. साबण किंवा रिठा पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणून बुडबुडा न फुटता वाढत राहतो. रंगाच्या रुंद ब्रशने एकेका हाताएवढा भाग ओला करा आणि निदान अर्धा मिनिट तेथेच पाहत राहा. मोठ्या छिद्रातून मोठे बुडबुडे फुटतात. बारीक छिद्रापाशी पांढऱ्या मोहरीसारख्या बुडबुड्यांचा पुंजका जमतो. शिवणी, मुठी चिकटवल्या आहेत ती जागा, तळाच्या कडा आणि नेहमीच्या घड्या यांवर विशेष लक्ष द्या.

४. खूण. छिद्र सापडताच कोरड्या फडक्याने पुसून मार्करने भोवती गोल काढा. खडू वापरू नका, पाण्याने तो जाईल. एक सापडले म्हणून थांबू नका. काटेरी झुडपावरून ओढलेल्या होडीला छिद्रे जोडीने पडतात. संपूर्ण कप्पा पूर्ण करा.

५. पाण्यात बुडवणे. काही कयाकांत बाहेर जाड कापडाचे आवरण आणि आत पातळ फुगा अशी रचना असते, सायकलच्या टायर-ट्यूबसारखी. अशा वेळी बाहेरून साबण लावल्यास हवा भलत्याच जागी, चेनपाशी, बाहेर येताना दिसते. चेन उघडून फुगा बाहेर काढावा, जेमतेम आकार येईल इतकीच हवा भरावी आणि घमेल्यात किंवा हौदात एकेक भाग दाबून पाहावा. आवरणाविना तो फुगा जास्त भरला तर फाटतो. फुग्यात काटा सापडला तर आवरणात तो अजून रुतलेला आहे का हे हात फिरवून पाहायला विसरू नका. पंक्चर काढून काटा टायरमध्येच ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान गाठावे लागते.

६. आतली फूट. कधी बाहेर एकही बुडबुडा येत नाही, तरी एक कप्पा बसतो आणि शेजारचा घट्ट होतो. याचा अर्थ दोन कप्प्यांमधील पडदाच फाटला आहे. एकच कप्पा भरून शेजारचा आपोआप फुगतो का ते पाहिले की हे कळते. हे घरी दुरुस्त होण्यासारखे नाही. अशी होडी दोन कप्प्यांची उरलेली नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती : आधी कापड ओळखा

येथे बहुतेक जण घाई करतात. सायकलच्या पंक्चरसाठी आपण वापरतो ते सोल्यूशन म्हणजे विरघळवलेले रबर. ते रबरी ट्यूबला उत्तम धरते. पण आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य हलक्या कयाक रबराच्या नसतात. त्या पीव्हीसीच्या, म्हणजे ताडपत्रीवर असतो तशा प्लास्टिकच्या लेपाच्या असतात. पीव्हीसीवर सायकलचे सोल्यूशन लावले तर ठिगळ बसल्यासारखे दिसते आणि पाण्यावर गेल्यावर सोलून निघते.

मग नळाच्या पाइपला लावतात ते पीव्हीसी सोल्यूशन चालेल का? तेही नाही. ते कडक पाइपसाठी केलेले असते. वाळल्यावर त्याचा थर ताठ होतो आणि होडी घडी घातली की तडकतो. थेंबभर टाकताच चिकटणारे डिंक आणि दोन गोळे मळून लावायचे लांबीसारखे मसालेही याच कारणाने निरुपयोगी. लवचिक वस्तूला लवचिकच जोड हवा. पीव्हीसीच्या होडीसाठी पॉलियुरेथेनचा डिंक आणि पीव्हीसीचेच ठिगळ वापरावे. होडीबरोबर दुरुस्तीची पिशवी आली असेल तर त्यातील ठिगळ नेमके तेच असते, म्हणून ती पिशवी जपून ठेवावी. रबरी होडीला रबराचे ठिगळ आणि त्याचा डिंक लागतो. होडीच्या पुस्तिकेत कापडाचे नाव दिलेले असते. ते वाचूनच खरेदी करावी.

आता कृती :

• होडीतील सारी हवा काढा आणि ती सपाट टेबलावर पसरा. हवा असताना लावलेल्या ठिगळाखालून हवा ढकलत राहते आणि डिंक धरत नाही.

• ठिगळ गोल किंवा गोलाकार कोपऱ्यांचे कापा. टोकदार कोपरा तेथूनच उचलला जातो. टाचणीएवढ्या छिद्राच्या सर्व बाजूंना निदान अडीच सेंटीमीटर आणि मोठ्या चिरेच्या सर्व बाजूंना पाच सेंटीमीटर ठिगळ पुढे गेले पाहिजे.

• साबणाचा अंशही उरू नये म्हणून जागा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. नंतर स्पिरिटने पुसा. रबर असेल तर बारीक पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा. पीव्हीसीला जोराने घासू नका, त्याचा लेप पातळ होतो.

• डिंक दोन्ही बाजूंना, म्हणजे होडीला आणि ठिगळालाही, पातळ लावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटेल पण बोटाला येणार नाही अशी स्थिती आली की दुसरा पातळ हात द्या आणि पुन्हा थांबा. जाड थर जास्त मजबूत असतो ही समजूत चुकीची आहे. आतला द्रव उडून जात नाही आणि जोड कच्चा राहतो.

• ठिगळ मधून सुरुवात करून कडांकडे दाबत बसवा. चमच्याच्या पाठीने किंवा लाटण्याने हवेचे फुगे बाहेर काढा. वर सपाट फळी आणि वजन ठेवून २४ तास हात लावू नका.

एक स्थानिक सूचना. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावची हवा इतकी दमट असते की डिंकावर ओल धरते आणि जोड पांढुरका पडतो. शक्य असेल तर हे काम कोरड्या दिवशी, दुपारी करावे. पावसाळ्यात करणे भागच असेल तर ज्या खोलीत कपडे वाळतात तेथे करू नये.

दक्षता : डिंक आणि स्पिरिट ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ डोक्याला बाधते. खिडक्या उघड्या ठेवून, चूल, गॅस आणि उदबत्तीपासून दूर, मोठ्या माणसाच्या उपस्थितीतच हे काम करावे. होडी फुगवण्यासाठी हातपंप किंवा पायपंप वापरावा. पंक्चरच्या दुकानातील यांत्रिक पंपाचा दाब मोटारीच्या टायरसाठी असतो, त्याने कयाकच्या शिवणी क्षणात उकलतात.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

ठिगळ छान दिसते म्हणजे ते टिकते असे नाही. प्रथम अर्धी हवा भरून ठिगळाच्या कडांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडा नसेल तर पूर्ण दाब द्या आणि पुन्हा पाहा. मग रात्रभर ठेवा. वहीतील पहिल्या नोंदीशी ताडून पाहा. यानंतर पहिली फेरी उथळ आणि स्थिर पाण्यात, काठालगत, मोठी माणसे सोबत असतानाच काढावी. वाहत्या नदीत परीक्षा घेऊ नये.

दुरुस्तीची तारीख, जागा आणि वापरलेला डिंक वहीत लिहून ठेवा. होडी दुसऱ्याला वापरायला दिलीत तर ही वहीही द्या. शंका उरली असेल तर ती स्पष्ट सांगा. सायकलचे पंक्चर कच्चे राहिले तर माणूस सायकल ढकलत घरी येतो. होडीचे कच्चे राहिले तर तो भर पाण्यात असतो. "चालेल, बघू" हे शब्द येथे वर्ज्य आहेत.

पाण्यावरची शिस्त

उत्तम होडीही बेशिस्तीपुढे टिकत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे त्या वेळी समोर आले. हा प्रसंग आपण विसरू नये. होडीवर लिहिलेली माणसांची संख्या आणि वजन ही मर्यादा असते, सूचना नव्हे.

जीवरक्षक जाकीट काठावरच घालावे आणि त्याचे पट्टे बांधावेत. ते होडीत ठेवून उपयोग नाही. एखादा कप्पा बसू लागला तर उभे राहू नये. वजन शाबूत बाजूकडे सावकाश सरकवून जवळचा काठ गाठावा. होडी उलटली तर तिला सोडून पोहत सुटू नये. अर्धी बसलेली होडीही मोठी तरंगती वस्तू असते. ती धरून मदत मागावी. आणि पुराच्या पाण्यात, मग ते गल्लीतले गुडघाभर का असेना, स्वतःची कयाक घेऊन कोणीही उतरू नये. त्या पाण्याखाली तारा, पत्रे, उघडी गटारे असतात. ते काम २००६ पासून उभ्या असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासारख्या प्रशिक्षित दलांचे आणि सैन्याचे आहे.

पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

आमच्या मते या पाठाचा खरा लाभ होडी नसलेल्या मुलांनाही व्हावा. पालकांना विनंती अशी की घरातील सायकलचे पुढचे पंक्चर मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या हाताने काढू द्यावे. पान्याने टायर उतरवणे, घमेल्यात बुडबुडा शोधणे, घासणे, सोल्यूशन वाळेपर्यंत धीर धरणे, ठिगळ बसवणे, यात पाठ्यपुस्तकातील दाबाचा धडा आपोआप येतो. हात काळे होतील. होऊ द्यावेत.

विश्वस्त महोदयांना विनंती अशी की शाळेच्या विज्ञान कक्षात एक लहान दुरुस्तीचे टेबल असावे. दोन जुन्या ट्यूब, एक हातपंप, दाब मोजण्याचे यंत्र, एक घमेले, पॉलिश पेपर आणि सोल्यूशन एवढे साहित्य पुरे. ट्यूब ठेवताना शंखजिऱ्याची पूड लावून, सैल घडी घालून, उंदरांपासून दूर ठेवली की ती वर्षानुवर्षे टिकते. आपल्या जिल्ह्यात पूर पुन्हा येणार आहे. तेव्हा हवा कोठून जाते हे शोधू शकणारे, आणि काम पक्के झाले नसेल तर तसे सांगणारे हात गावोगाव असले पाहिजेत.

स्वाध्याय

१. पणजीला समुद्रसपाटीवर ३ पौंड हवा भरलेली होडी त्याच तापमानात बेळगावला आणली. येथे दाबमापक किती पौंड दाखवेल? अशी होडी घाट चढण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल?

२. बेळगावात २७ अंश सेल्सियसला २ पौंड भरलेली होडी १७ अंशाच्या पाण्यात उतरवली. दाब किती होईल? यास गळती म्हणता येईल का?

३. २८ सेंटीमीटर व्यासाची आणि २.५ मीटर लांबीची नळी जास्तीत जास्त किती किलो भार पेलेल?

४. कारणे द्या : (अ) ठिगळ गोलाकार कापतात. (आ) सोल्यूशन वाळल्याशिवाय ठिगळ लावत नाहीत. (इ) पाइपचे सोल्यूशन होडीला चालत नाही. (ई) होडीत एकापेक्षा अधिक कप्पे असतात.

५. करून पाहा : सायकलच्या ट्यूबला टाचणीने छिद्र पाडा. एकदा साध्या पाण्याने आणि एकदा रिठ्याच्या पाण्याने ते शोधा. कोणते आधी सापडले, बुडबुड्याचा आकार कसा होता, हे वहीत लिहा. मग ते पंक्चर स्वतः काढा आणि ट्यूब दुसऱ्या दिवशी वर्गात आणून दाखवा. हवा टिकली असेल तरच गुण मिळतील.